तापीला दिलेला नारळ

पाणी उतरलं त्या सकाळी दापोऱ्यात इतकी शांतता होती, की मी जागी आहे की अजून शाळेतल्या सतरंजीवरच पडले आहे, हे मला कळेना. माझा नवरा चेतन पुढे आणि मी मागे, असे आम्ही टेकाडावरच्या शाळेतून खाली आलो. एरवी या वाटेवर बकऱ्या, मोटरसायकली, केळीचे ट्रक, काय काय असतं. त्या दिवशी नुसता गाळ होता, गुळगुळीत, आणि त्यावर कोवळं ऊन पडलेलं. बागेतली केळी सगळीच्या सगळी एका अंगाला आडवी झाली होती. जेवणानंतर अख्ख्या बागेचा एकदमच डोळा लागावा, तशी.

आमचं घर नाल्याकाठी. तापी फुगली की नाल्याचं पाणी उलटं फिरतं आणि गावात येतं, हे आम्हाला ठाऊक आहे. दर पावसाळ्यात ते अंगणापर्यंत येऊन डोकावून जातं. या वेळी ते डोकावलं नाही, सरळ आत येऊन बसलं. भिंतीवर माझ्या खांद्याच्या उंचीला त्याची रेघ उमटली होती. ओसरीत कोणाचं तरी पोळपाट होतं, एका लहान मुलाची एकच चप्पल होती आणि कुठल्याशा दुकानाची पाटी होती. स्वयंपाकघरात परातीत पाणी साचलं होतं आणि त्यात बोटाएवढा मासा फिरत होता. तो इतका निवांत होता की मला वाटलं, घर याचंच आहे आणि आम्ही बिनबोलावता आलोय.

"आता?" चेतन म्हणाला.

मला रडायला आलं नाही. राग आला. मला रागच येतो. लग्न ठरवताना माझ्या निंबोल्याच्या माहेरच्यांनी ही गोष्ट नीट दडवून ठेवली, असं चेतन येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतो. मी परात उचलली, मासा नाल्यात सोडून आले आणि पदर खोचला.

माझ्या सासूबाई, कोकिळाबाई, शाळेतच होत्या. पावसात भिजून त्यांना ताप भरला होता. शाळेत सगळे बोलायचे ते केळीबद्दल, पंचनाम्याबद्दल, गुरांबद्दल. सासूबाई भिंतीला टेकून डोळे मिटून पडून असायच्या आणि मध्येच एकच वाक्य बोलायच्या. "पीक गेलं ते जाऊ द्या. घर तेवढं धुऊन घ्या. येत्या रविवारी कानबाई बसली पाहिजे."

कानबाई म्हणजे आमच्याकडची, खानदेशी घरांची देवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती येते, रात्रभर गाणी ऐकते आणि सोमवारी सकाळी नदीवर जाते. तिला मूर्ती नसते. आमच्या घरी कलशावर एक नारळ ठेवतात. त्यालाच डोळे लावायचे, नथ घालायची, साडी नेसवायची. हा नारळ दरवर्षी नवा घेत नाहीत. तो सासूच्या हातून सुनेच्या ओटीत येतो. सोमवारी नदीत त्याला आंघोळ घालायची, साज उतरवायचा आणि ओला ओलाच पदराखाली झाकून परत आणायचा. मग वर्षभर तो देवळीत साधा नारळ होऊन बसतो. आमच्या आजेसासूंनी तो थोरल्या सुनेला न देता धाकटीला, म्हणजे सासूबाईंना दिला, आणि तेव्हापासून सगळी भावकी कानबाईला आमच्याच घरी येते. वर्षातून त्या दोन दिवसांत सासूबाई जरा ताठ चालतात. एरवी त्या कोणाच्या अध्यात नसतात.

"नारळ?" मी चेतनला पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"देव सगळे डब्यात घातले आणि डबा मोठ्या बाबांकडे पोचवला," तो म्हणाला. मोठे बाबा म्हणजे त्याचे थोरले काका शालिग्राम. ते वरच्या आळीत राहतात, तिथे पाणी पोचलं नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला आणि मी फावडं शोधायला लागले.

मग मदत आली. बुऱ्हाणपूरहून टेम्पो भरभरून माणसं आली, पिवळ्या टोप्या घालून. मी कृतघ्न नाही, पण खरं तेच सांगते, पहिल्या दिवशी मला त्यांचा वैताग आला. एकानं चेतनला हातात फावडं घेऊन उभं केलं आणि फोटो काढला, तो नीट आला नाही म्हणून परत काढला. कोणी मला जरीचा घागरा दिला. गाळात घोट्यापर्यंत उभी राहून मी तो घागरा घेतला आणि हसले, कारण मदत घेताना हसावं लागतं.

संध्याकाळी टोप्या परत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या निम्म्या आल्या. प्रतिभाताई मात्र रोज आल्या, आणि रोज आमच्याच घरी.

प्रतिभाताई बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यातल्या. नवऱ्याचं कापडाचं दुकान, मुलगी परगावी, गुडघे दुखरे, आवाज खणखणीत. पहिल्या दिवशी त्या दारात आल्या, चपला काढून उंबऱ्याबाहेर ठेवल्या आणि अनवाणी गाळात उतरल्या. घर गाळानं भरलेलं आणि या बाई चपला काढून आत येतात, याचं मला हसू आलं.

"आधी वरून जाळी-जळमटं, मंग भिंती, मंग फरशी," त्या म्हणाल्या. "उलटं केलंस तर दोन-दोन बार करावं लागेल, अलका. चल, झाडू दे."

"घर माझं आहे, ताई."

"हाव ना. म्हणूनच तुला सांगते. माझं असतं तर मी बाई लावली असती."

माझं काही चाललं नाही. दुपारपर्यंत आम्ही दोघी एकाच घमेल्याला दोन बाजूंनी धरून गाळ बाहेर टाकत होतो आणि त्या मला त्यांच्या सासूच्या गोष्टी सांगत होत्या.

ते दिवस आता आठवले की सगळं पाण्याखालून पाहिल्यासारखं दिसतं. गावात कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. घमेली भरायची, रिकामी व्हायची. अंगणात साचलेल्या पाण्यावरून ऊन उडून आमच्या छतावर हलायचं, आणि आम्ही खाली काम करताना ते आमच्या हातांवर, केसांवर फिरायचं. प्रतिभाताई गुणगुणायच्या. कधी भजन, कधी जुन्या सिनेमातलं काहीतरी, आणि एकातून दुसऱ्यात केव्हा शिरायच्या ते त्यांनाही कळायचं नाही. गाळाचाही एक वास असतो. सुरुवातीला नकोसा होतो, मग सवय होते, मग घरी स्वच्छ चादरीवर निजलं तरी तो नाकात राहतो.

मारुतीच्या देवळासमोरच्या ओट्यावर गावानं सापडलेल्या वस्तू आणून ठेवल्या होत्या. पाण्यानं याचं त्याच्या घरी नेऊन ठेवलं होतं. कढया, पाट, पितळी डबे, एक शिवणयंत्र, लग्नाचे फोटो उन्हात उलटे वाळत घातलेले. विकणारं कोणी नसलेला बाजार. लोक येऊन हळूहळू फिरायचे, एखादी वस्तू उचलायचे, हातात फिरवायचे आणि परत ठेवायचे. माझी दुधाची किटली मला तिथेच सापडली. ती कोणीतरी घासून पुसून ठेवली होती, आणि ते कोणी केलं हे मला अजूनही माहीत नाही.

दुपारी आम्ही दोघी धुतलेल्या फरशीवर आडव्या व्हायचो. मला डुलकी लागली की कानबाई दिसायची. मागच्या दारानं यायची, साडीचा घोळ पिळत, नथ एका हातानं सावरत. "अलका, अंग पुसायला काही आहे का गं?" म्हणायची. मी उठून शोधायला लागायची आणि सगळे टॉवेल गाळानं भरलेले असायचे. मग मला जाग यायची. शेजारी प्रतिभाताई घोरत असायच्या.

आता नारळांचं सांगते. तापीला पूर आला की बुऱ्हाणपूरच्या घाटांवर बायका तिची ओटी भरतात, नारळ वाहतात आणि म्हणतात, आई, आता शांत हो. आई शांत व्हायची तेव्हा होते, पण तोवर ते नारळ वाहत वाहत आमच्याकडे येतात. प्रत्येक घराच्या गाळात नारळ निघत होते. आमच्या न्हाणीत होते, जिन्याखाली होते, देवळीखालच्या कोपऱ्यात होते. कुंकू धुऊन गेलेले, शेंडीत चिखल अडकलेले, सगळे सारखे.

"यातला एकबी घरात नाही ठेवायचा," प्रतिभाताई म्हणाल्या. "आईला दिलेलं आईचं. कोणी काय मागून वाहिलं असेल, आपल्याला काय माहीत?"

त्यांनी ते सगळे टोपलीत गोळा केले. एकेक धुतला. पर्समधून कुंकवाची डबी काढली, कारण प्रतिभाताई पुरातसुद्धा कुंकवाची डबी घेऊन येतात, आणि प्रत्येकाला बोट लावलं. दिवस कलताना त्या नाल्याच्या तोंडाशी, जिथून तापीचं पात्र दिसतं तिथे गेल्या. मी ओट्यावर किटली मांडीत घेऊन बसले होते, तिथून मला सगळं दिसत होतं. पाणी सोनेरी झालेलं. नारळ एकामागून एक पाण्यात उतरत होते, जरा थांबत होते आणि मग खाली हतनूर धरणाच्या दिशेनं डुलत जात होते. माझा राग त्या वेळी कुठे गेला कोण जाणे. इतकं शांत मला पुरानंतर पहिल्यांदाच वाटलं.

"एक तर असा हलका गं!" परत येऊन त्या म्हणाल्या. "पाण्याला टेकवला नाही तोच निघाला. सगळ्यांना मागं टाकून पुढं पळाला. फार घाई होती त्याला."

आम्ही दोघी हसलो.

गुरुवारी सासूबाईंचा ताप उतरला आणि त्या खाली आल्या. घर ओलं होतं, पण स्वच्छ होतं. त्यांनी दाराच्या चौकटीवरून हात फिरवला, चुलीपाशी गेल्या, प्रतिभाताईंकडे पाहून दोन्ही हात जोडले. चेतन वरच्या आळीतून देवांचा डबा घेऊन आला. सासूबाईंनी पाट मांडला, देव एकेक काढून पुसून ठेवले. अन्नपूर्णा, बाळकृष्ण, खंडोबाचा टाक, कानबाईची नथ, तिचे चांदीचे डोळे. डबा संपला.

त्यांनी डबा उपडा करून पाहिला. मग उठून देवळीपाशी गेल्या आणि आत हात घालून कोपऱ्यापर्यंत चाचपलं. चेतनचा चेहरा पांढरा पडला. "आई, मला वाटलं मी तोबी..." एवढंच म्हणून तो थांबला.

प्रतिभाताईंना यातलं काही माहीत नव्हतं. बुधवाऱ्यातल्या त्यांच्या घरी कानबाई बसत नाही. त्यांना वाटलं, म्हातारी देवळी स्वच्छ झाली का ते बघते आहे. "बघा काकू, कोपरान् कोपरा काढला," त्या कौतुकानं म्हणाल्या. "केवढे नारळ वाहून आले होते तुमच्याकडे! सगळे कुंकू लावून तापीला परत दिले. एक नाही ठेवला घरात."

सासूबाई वळल्या. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. तो नारळ मी दरवर्षी पाहिला होता, हातातही घेतला होता. आतलं पाणी आटून गेलेला, वजनच नसलेला.

सासूबाईंनी प्रतिभाताईंकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. नखांत बसलेला गाळ, काचेनं कापलेल्या पायाला बांधलेली चिंधी, पाठीवर वाळून पांढरा झालेला चिखल.

"चांगलं केलं बाई," त्या म्हणाल्या. "चहा घेतला का?"

मी त्यांच्या मागोमाग परसात गेले. "आत्याबाई, तो..." मी त्यांना आत्याबाई म्हणते.

"कळलं मला."

"त्यांना सांगायला नको?"

"नको."

"काबरं नको? रविवारी सगळी भावकी येईल. मोठे बाबा विचारतील. काय सांगणार तुम्ही?"

त्या नाल्याकडे पाहत उभ्या होत्या. पाणी आता खाली गेलं होतं, एवढंसं झालं होतं. "दरवर्षी मी तिला नदीवर नेते आणि मीच आणते," त्या म्हणाल्या. "यंदा माझी वाट नाही पाहिली तिनं. एकटीच गेली." मग माझ्याकडे वळून एकदम कडक आवाजात म्हणाल्या, "तू तोंड उघडायचं नाही, अलका. त्या बाईनं परक्याच्या घरातली घाण दोन हातांनी काढली. तिला घरी जाताना हे ओझं द्यायचं नाही."

त्या दिवशी मी भांडी फार जोरात घासली. मला प्रतिभाताईंचा राग येत होता. त्या गुणगुणत होत्या म्हणून जास्तच येत होता. आणि त्यांनी मध्येच येऊन माझ्या कपाळावरचे केस ओल्या हातानं मागे सारले, तेव्हा मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं, आणि त्याचं काय करायचं ते मला समजत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी शालिग्राम बाबा आले. पांढरं धोतर, पांढरी टोपी, खांद्यावर गव्हाची थैली. आमचे गहू भिजून आंबले होते, म्हणून यंदा रोटाचे, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू त्यांच्या घरून येणार होते. मागे त्यांच्या बायको शारदाबाई, नेहमीसारख्या गप्प. माझे सासरे, पंडित नाव त्यांचं, बागेतून येऊन ओसरीत टेकले. प्रतिभाताई आतल्या भिंतीला ब्रश मारत होत्या.

"सूप आणा," शालिग्राम बाबा म्हणाले. "आणि नारळ काढा. त्याच्यासमोर मुठी घेऊ."

सासूबाई जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, कधी बोलत नाहीत. काही सांगायचं असलं तर सासऱ्यांना सांगतात आणि सासरे ते पुढे सांगतात. त्या दिवशी त्यांनी पदर कपाळापर्यंत ओढला आणि थेट बोलल्या.

"नारळ नाही. मी तापीला दिला."

"तू दिला?"

"हाव. पाणी घरात आलं, मला भ्या वाटलं. मी दिला."

हे साफ खोटं होतं. पाणी आलं तेव्हा चेतननं त्यांना पाठीवर घेऊन शाळेत नेलं होतं. सासऱ्यांनी मान वर केली आणि परत खाली घातली. मी दात आवळून उभी राहिले.

शालिग्राम बाबांनी गव्हाची थैली खांद्यावरून खाली ठेवली. चिडलेले दिसत नव्हते, म्हातारे दिसत होते. "आईनं तुझ्या ओटीत घातला होता तो," ते शेवटी म्हणाले. "मी तेव्हा काही बोललो नाही. आता बोलतो. जिनं तो सोडून दिला, तिच्या हातून कानबाई बसणार नाही. यंदा पाट माझ्या घरी मांडू. आणि पुढंबी माझ्याच घरी."

सासूबाईंनी मान डोलावली. बस्स. सगळ्या पुरात त्यांनी एवढी एकच गोष्ट मागितली होती.

आत ब्रशचा आवाज थांबला होता. प्रतिभाताई दारात आल्या. हातातून चुन्याचं पाणी ठिपकत होतं.

"तो हलका होता," त्या म्हणाल्या. "फार हलका. पुढं पळाला तो." मग त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. "यांनी नाही दिला, बाबा. यांना तर ताप होता. मी सोडला. गाळातला समजून मीच सोडला." त्या तिथेच ओल्या फरशीवर बसल्या आणि लहान मुलीसारख्या रडायला लागल्या. "काल मी बोलले तेव्हा तुम्ही मला चहा पाजला! सांगितलं काबरं नाही?"

"सांगून तो परत येणार होता का?" सासूबाई म्हणाल्या. "तो गेलाच होता. मंग तूबी गेली असती."

प्रतिभाताईंनी पदरानं डोळे पुसले. "मी आज बाजारातून आणते. सगळ्यात चांगला बघून आणते."

"बाजारचा नारळ कानबाई होत नसतो, बाई," शालिग्राम बाबा म्हणाले, पण आवाज मऊ झाला होता. "तो घरच्या बाईच्या हातून घरच्या बाईच्या ओटीत यावा लागतो. तुमचा काही दोष नाही. पण तुम्ही घरच्या नाहीत."

सासूबाईंनी भिंतीवरचं सूप काढलं, खाली ठेवलं आणि थैलीचं तोंड सोडलं. "घरचं कोण, ते रोटाच्या मुठीवरून ठरतं ना, भाऊजी?" त्या म्हणाल्या.

याचं उत्तर आमच्याकडे कोणालाही येतं. कानबाईचा रोट ज्या गव्हाचा करतात, ते गहू माणसागणिक मुठीनं घ्यायचे. ज्याच्या नावाची मूठ सुपात पडली तो घरचा, आणि रोट फक्त घरच्यांनी खायचा. परक्याला त्यातला तुकडा देत नाहीत, त्याचं खरकटंसुद्धा बाहेर टाकत नाहीत.

"हाव," शालिग्राम बाबा म्हणाले. "ठरतं."

सासूबाई खाली बसल्या आणि मुठी घ्यायला लागल्या. "ही शालिग्राम भाऊजींची." गहू सुपात पडले, पावसाच्या बारीक सरीसारखा आवाज झाला. "ही यांची. ही चेतनची." मग पुतण्यांची नावं, सुरतेला असलेल्या चुलत दिरांची, त्यांच्या मुलांची, मागच्या महिन्यात जन्मलेल्या एका बाळाची, ज्याला अजून आमच्यापैकी कोणी पाहिलंही नव्हतं. दारातून ऊन आत आलं होतं आणि अंगणातल्या पाण्याचा कवडसा त्यांच्या हातावर हलत होता. नाव, मूठ, आवाज. नाव, मूठ, आवाज. मी उभ्या उभ्या कुठेतरी वाहत चालले होते.

नावं संपली. सासूबाईंनी थैलीत परत हात घातला.

"ही प्रतिभाची."

"सूनबाई!" शालिग्राम बाबा म्हणाले. "बाईची मूठ नसते. पुरुषाचीच असते."

खरं होतं ते. आमच्या घरची रीतच तशी होती. पाळण्यातल्या मुलाची मूठ घ्यायची आणि रोट थापणाऱ्या बायांची घ्यायची नाही. आम्ही पुरुषांच्या मुठीतलंच खायचो. मी, एवढी भांडखोर बाई, दरवर्षी तिथे बसून गहू निवडत होते, आणि मला हे कधी दिसलंच नव्हतं. सासूबाईंचा हात सुपावर तसाच थांबला, मूठ मिटलेली.

"घालू द्या तिला," दारातून आवाज आला. शारदाबाई. त्यांचा आवाज मी वर्षातून एकदोनदाच ऐकते. "आणि माझीबी घाल गं. इतकी वर्सं मी रोट थापते, माझं नाव नाही निघालं त्यात कधी."

शालिग्राम बाबांनी वळून आपल्या बायकोकडे पाहिलं. पुरानं दुसऱ्याच कोणाची बायको त्यांच्या दारात आणून ठेवली असावी, असं पाहिलं. शारदाबाईंनी नजर खाली केली नाही.

सासूबाईंनी मूठ उघडली. गहू सुपात पडले. "ही शारदा वहिनीची," त्या म्हणाल्या आणि दुसरी भरली. मग माझ्याकडे न पाहताच तिसरी. "ही अलकाची."

मला वाटलं होतं मला राग येईल, इतकी वर्षं का नाही म्हणून. तो आला नाही. मी चेतनचा खांदा घट्ट धरला.

शालिग्राम बाबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, परत घातली, मग भिंतीपाशी जाऊन तिला तळवा लावून पाहिला. "ही भिंत रविवारपर्यंत वाळायची नाही," ते म्हणाले. "पाट त्या बाजूला मांडा. आणि या बाईंना म्हणावं, नारळ आणताना शेंडीचा आणा."

प्रतिभाताई हसत हसत परत रडायला लागल्या. सासूबाईंनी थैलीचं तोंड बांधलं आणि सूप उचलायला हात लावला.

"थांबा," मी म्हणाले.

"आता कोण राहिलं?"

मी थैली सोडली, हात आत घातला आणि जेवढे मावतील तेवढे गहू घेतले. आमच्याकडे सून सासूचं नाव घेत नाही. मी ते कधी घेतलं नव्हतं, कागदावर लिहिलं असेल तेवढंच. घशाशी आल्यावर ते भलतंच वाटलं, कोणा लहान मुलीचं असावं तसं.

"ही कोकिळाची," मी म्हणाले.

सासूबाईंचा पदर डोक्यावरून मागे सरकला, तरी त्यांनी तो सावरला नाही. पाणी घरात शिरलं तेव्हा त्या रडल्या नव्हत्या, केळी पाहून रडल्या नव्हत्या, रिकाम्या देवळीत हात घातला तेव्हाही नाही. आता त्यांचे डोळे भरून आले, अश्रू गालांवरून खाली आले, आणि जेठासमोर, नवऱ्यासमोर, सगळ्यांसमोर त्यांनी ते पुसले नाहीत.

मूठ फार भरली होती, काही दाणे सुपाबाहेर पडले.

"सांडले बघ," त्या म्हणाल्या. "वेच ते. माझे आहेत."

मी वाकले आणि ओल्या फरशीवरचा एकेक दाणा वेचून त्यांच्या मुठीत टाकला.